सत्तर टक्के पेट्रोल जातं कुठे? ॲव्हरेज वाढवणाऱ्या यंत्रांची झडती

समोर टेबलावर जे मांडून ठेवलंय ते बघून मघाशी एका काकांनी विचारलं, "विकायला आणलंय का?" नाही काका. हे सगळं आमच्याकडे काही विकत घेऊन, काही मागून आणि काही चक्क भंगारातून उचलून जमा झालेलं आहे. लोहचुंबकांची ही एक जोडी. सिगारेट लायटरच्या खाचेत खुपसायचा हा निळा दिवा. गाडी स्कॅन करायच्या सॉकेटला लावायचं हे हिरवं डबडं. हवेच्या पाइपात बसवायची ही पत्र्याची भिंगरी. आणि ही प्लॅस्टिकची बरणी, जिच्यात पाणी घातलं की म्हणे पेट्रोल वाचतं. पाचही वस्तूंच्या खोक्यांवर वचन एकच: ॲव्हरेज वाढेल. कुणी पंधरा टक्के म्हणतं, कुणी तीस, बरणीवाला तर पन्नासच्या खाली बोलायलाच तयार नाही.

आमच्यातला एक जण गॅरेज चालवतो, एक जण इंजिनं शिकवतो, आणि तिसऱ्याने या पाचांतल्या दोन वस्तू स्वतःच्या खिशातून घेतल्या होत्या. तो आज व्यासपीठावर यायला तयार नव्हता, त्यामुळे त्याच्याही वतीने आम्हीच बोलतोय. (हशा) हसू नका. तो हुशार माणूस आहे. हुशार माणसं या वस्तू का घेतात हा आजचा निम्मा विषय आहे.

पुस्तकावर टीका करताना आपण मजकूर वाचतो, तसं आज आम्ही या खोक्यांतली माहितीपत्रकं वाचणार आहोत. हाही एक वाङ्मयप्रकारच आहे. त्याची ठरलेली भाषा आहे, ठरलेलं पहिलं वाक्य आहे. ते वाक्य शब्द थोडे बदलून जवळपास प्रत्येक पत्रकात सापडतं: तुमच्या इंजिनात फक्त तीस टक्के पेट्रोल कामी येतं, उरलेलं सत्तर टक्के न जळताच वाया जातं.

या वाक्यावर जरा थांबू. कारण हे वाक्य पडलं की बाकीचं दुकान आपोआप पडतं.

वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि त्यातच त्याची ताकद आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यातला साधारण पंचवीस ते पस्तीस टक्के भाग इंजिन कामात बदलतं. कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, याच्या आसपासचा आकडा मिळेल. चाकांपर्यंत पोचतं ते त्याहूनही कमी. म्हणजे विक्रेता खोटा आकडा देत नाही. तो आकड्याच्या शेजारी एक खोटं कारण बसवतो. उरलेलं सत्तर टक्के "न जळता" जात नाही हो, ते जळलेलं असतं! जळून त्याची उष्णता झाली, आणि ती उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर गेली. गाडी थांबवल्यावर बॉनेटला हात लावून बघा, सत्तर टक्के कुठे गेले ते हाताला कळेल.

उष्णतेवर चालणारं कुठलंच यंत्र सगळ्या उष्णतेचं काम करू शकत नाही. सादी कार्नो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ साली हे मांडलं, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आलेली नव्हती. ही मर्यादा चुंबकाने हलत नाही आणि भिंगरीनेही हलत नाही.

मग न जळता नेमकं किती जातं? धडधाकट इंजिनात गेलेल्या पेट्रोलपैकी सत्त्याण्णव ते नव्व्याण्णव टक्के जळतं. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. तुमचा पीयूसीचा कागद काढा. त्यावर एचसी म्हणून एक आकडा असतो, तो या न जळलेल्या इंधनाचा, पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असा. बऱ्या गाडीचा तो दोनशेच्या आत असतो. सत्तर टक्के पेट्रोल कच्चं बाहेर पडत असतं, तर तो दहा हजारांच्या वर गेला असता. शिवाय सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे कच्चं पेट्रोल जाळता जाळता स्वतःच वितळला असता, आणि सिग्नलला तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने बिडी पेटवायची हिंमत केली नसती.

म्हणून "संपूर्ण ज्वलन" हे शब्द पत्रकात दिसले की एवढाच हिशेब करायचा: संपूर्ण ज्वलन झालं, अगदी शंभर टक्के झालं, तरी हाती लागणार ते दोन-तीन टक्के. यंत्र खरंखुरं चाललं तरी एवढंच! पंधरा आणि तीस टक्के त्या डबीत मावतच नाहीत.

आता वस्तू एकेक करून बघू. काहींवर फार वेळ घालवण्यासारखं नाही.

चुंबक. पत्रक म्हणतं, पेट्रोलच्या रेणूंचे झुबके असतात, चुंबकामुळे ते सुटतात आणि मग नीट जळतात. पेट्रोल म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे रेणू. चुंबकाचा त्यांच्यावर होणारा परिणाम इतका क्षीण की नसल्यात जमा, आणि पाइपातला तो दोन इंचांचा टप्पा ओलांडल्यावर काही शिल्लक राहत नाही. शिवाय इंजेक्टरमधून पेट्रोल फवाऱ्याने उडतं, तापलेल्या इंजिनात त्याची वाफ होते. तिथे सगळे "झुबके" तसेही सुटतात. चुंबकाने केलेलं एकमेव काम आमच्या टेबलावर दिसतंय, सगळे स्क्रू त्याला जाऊन चिकटलेत.

भिंगरी. हवा गोल फिरवत आत सोडली की मिश्रण चांगलं होतं, असा दावा. इंजिनात हवेला भोवरा देणं ही गोष्ट खोटी नाही, इंजिन बनवणारे इनटेक पोर्टचा आकारच तसा ठेवतात. पण ही भिंगरी बसते तिकडे, एअर फिल्टरच्या पाइपात. तिथून पुढे हवेला थ्रॉटलची झडप ओलांडायची, मग वेगवेगळ्या सिलिंडरच्या नळ्यांत वाटून जायचं, मग व्हॉल्व्हच्या फटीतून घुसायचं. जिन्याच्या तळाशी भोवरा सोडायचा आणि तो तिसऱ्या मजल्यावर फिरत पोचेल अशी आशा धरायची, तसला प्रकार. मधल्या मध्ये पत्रा हवेला अडवतो तो मात्र नक्की.

निळा दिवा आम्ही फोडला. आत एक एलईडी, एक रेझिस्टर, एक छोटा कपॅसिटर. संपलं. हिरवं डबडं जरा जास्त कसबी आहे. पत्रक म्हणतं, हे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतं, तुमच्या चालवण्याची सवय शिकतं आणि इंधनाचं गणित बदलतं. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं तर ट्रान्सिव्हर नावाची एक चिप लागते. आमच्या डबड्यात ती नव्हतीच. जी एकुलती एक चिप होती ती दिवे मिचकवण्यापुरती. तोंडच नाही तर बोलणार कसं? पण पत्रकातलं पुढचं वाक्य बघा, तिथे लेखकाची खरी प्रतिभा दिसते: "पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर यंत्र शिकत असते, लगेच फरक दिसणार नाही." वा! आपण आठवडाभर वाट बघतो, तोवर गाडी जपून चालवायला लागतो, आणि माल परत करायची मुदतही बहुतेक त्याच सुमारास संपते.

बरणीला मात्र वेळ देऊ, कारण तिच्यात निदान विज्ञान आहे. बॅटरीच्या विजेने पाण्याचं पृथक्करण करायचं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो, तो हवेबरोबर इंजिनात सोडायचा. हायड्रोजन जळतो, यात वाद नाही. बरणीत बुडबुडे डोळ्यांना दिसतात, आणि डोळ्यांना दिसलं की माणूस विकला जातो. आता आकडे मांडू, वहीत लिहून घेतलेत तरी चालेल.

समजा बरणी गाडीच्या विजेतून वीस अँपिअर घेते. सहा कप्प्यांची चांगली बरणी धरू, त्यात वीज वाया कमी जाते. तासाला हायड्रोजन निघेल साधारण साडेचार ग्रॅम. हे फॅरेडेच्या नियमाने ठरतं, घासाघीस चालत नाही. साडेचार ग्रॅम हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते अंदाजे अर्धा मेगाज्यूल. गाडी ताशी साठच्या वेगाने, लिटरला पंधरा किलोमीटर अशी चालली आहे, म्हणजे तासाला चार लिटर पेट्रोल. एका लिटरमध्ये बत्तीस मेगाज्यूल, चार लिटरचे झाले एकशे अठ्ठावीस. म्हणजे बरणी देते ते पेट्रोलच्या अर्धा टक्काही नाही.

आणि हे फुकट नाही, इथेच खरी गोम आहे. ती वीज आली कुठून? अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर फिरवतो कोण? इंजिन, पट्ट्याने. इंजिन चालतं कशावर? पेट्रोलवर. इंजिनाची पंचवीस टक्के कार्यक्षमता आणि अल्टरनेटरची साठ टक्के धरली, तर ते वीस अँपिअर तासभर काढायला साडेसहा मेगाज्यूलचं पेट्रोल जाळावं लागतं. साडेसहा खर्चून अर्धा परत. याला बचत म्हणायचं तर आम्ही उद्यापासून सावकारी सुरू करतो, तुमच्याकडून साडेसहाशे घेऊ आणि पन्नास देऊ. (हशा)

यावर विक्रेते म्हणतात, हायड्रोजन स्वतः ऊर्जा देत नाही, तो पेट्रोलला "नीट जळायला मदत" करतो. ठीक. पण नीट जळण्यात शिल्लक किती आहे ते मघाशीच बघितलं, दोन-तीन टक्के. सगळ्या वाटा शेवटी त्या पहिल्या वाक्याशी येऊन थांबतात. अमेरिकेत अशाच पाण्यावरच्या उपकरणाच्या विक्रेत्यांवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली कोर्टात कारवाई केली. त्यांचा दावा होता पन्नास टक्क्यांहून जास्त वाढीचा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. कार्बोरेटरच्या जमान्यात यातल्या काही युक्त्यांनी थोडाफार फरक पडायचा. पद्मिनी किंवा जुनी स्कूटर आठवा. जेट झिजलेले, स्क्रू कुणीतरी अंदाजाने फिरवलेला, मिश्रणात पेट्रोल जास्त. अशा गाडीत जादा हवा सोडणारी कुठलीही भोकाची वस्तू बसवली की मिश्रण पातळ व्हायचं, पेट्रोल थोडं वाचायचं. इंजिन तापायचं, पिकअप जायचा, पण वाचायचं. खरं तर तेच काम मिस्त्री एका स्क्रू ड्रायव्हरने पाच मिनिटांत करायचा. आजही जुने लोक "मी स्वतः बघितलंय" म्हणतात ते अनेकदा याच काळाबद्दल असतं, आणि ते खोटं बोलत नसतात.

आजच्या गाडीत हे दार बंद झालंय. सायलेन्सरच्या वाटेवर एक ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. तो सतत सांगतो, हवा जास्त झाली, पेट्रोल जास्त झालं. कॉम्प्युटर त्यावरून एका भाग पेट्रोलला चौदा पूर्णांक सात भाग हवा, वजनाने, या प्रमाणाभोवती मिश्रण धरून ठेवतो. कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच प्रमाणाला नीट काम करतो. तुम्ही बाहेरून हवा घुसवली की सेन्सरला ती दिसते आणि कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल वाढवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर दुचाकींमध्येही हेच आलं.

आता येऊ आमच्या तिसऱ्या मित्राकडे. तो म्हणतो, "तुमचं गणित राहू द्या. मला फरक पडला." चौदावरून साडेपंधरा. हे वाक्य आम्ही गॅरेजमध्ये इतक्यांदा ऐकलंय, आणि म्हणणारा माणूस इतका सरळ असतो, की त्याला हसून वाटेला लावणं आम्हाला पटत नाही. त्याने वहीत लिहिलेले आकडे खरेच असतात. प्रश्न आहे तो आकडा कशामुळे आला हा.

आपण ॲव्हरेज काढतो कसं? टाकी फुल, किलोमीटर लिहायचे, पुन्हा टाकी फुल, भागाकार. फुल झाली हे ठरवतं कोण? पंपाची नोझल, ती कट मारते. गाडी जराशी उतारावर उभी असली, नोझल जोरात सोडली, पेट्रोलला फेस आला, पंपवाल्याने कट पडल्यावर "राउंड फिगर करू का साहेब" म्हणत अजून थोडं घातलं, की एखादा लिटर सहज इकडचा तिकडे होतो. पंधरा लिटर भरलेत तर एक लिटर म्हणजे जवळजवळ सात टक्के. एवढा फरक गाडीला काहीही न लावता येतो! तुम्हीच बघा, मागच्या सहा वेळचं ॲव्हरेज लिहून काढा. सरळ रेषा येणार नाही, करवतीचे दात येतील.

दुसरी गोष्ट, माणूस हे यंत्र घेतो कधी? ॲव्हरेज पडलेलं असतं तेव्हा. पावसाळ्यातली खड्ड्यांची कोंडी, मे महिन्यातला एसी, लग्नसराईत पाच माणसं आणि डिकीत सामान. महिना बदलला की ॲव्हरेज आपोआप जागेवर येणारच होतं. मधे यंत्र बसवलं, श्रेय त्याला. सर्दीवर औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते, नाही घेतलं तर आठवडाभरात, असं म्हणतात ते उगीच नाही.

तिसरी गोष्ट आमच्या धंद्यातली आहे, सांगायला थोडी लाज वाटते. यंत्र बसवायला गाडी गॅरेजला येते तेव्हा बसवणारा नुसतं यंत्र बसवत नाही. प्लग साफ करतो, फिल्टर झटकतो, टायरमध्ये हवा भरतो, कुठे ब्रेक धरत असेल तर मोकळा करतो. गाडी हलकी होते. बिल मात्र यंत्राचं फाडलं जातं.

आणि चौथी गोष्ट म्हणजे पाय. अडीच हजार रुपये घातलेला माणूस पुढचे पंधरा दिवस ॲक्सिलरेटरवर अंड्यावर पाय ठेवावा तसा ठेवतो. त्याला स्वतःला ते कळत नाही. अमेरिकन सरकारच्या इंधन-माहितीनुसार आक्रमक चालवण्याने शहरातल्या थांबा-चला वाहतुकीत दहा ते चाळीस टक्के इंधन जास्त जातं. म्हणजे पत्रकात जो आकडा छापलाय तो खरोखर अस्तित्वात आहे, पण तो डबीत नाही, बुटात आहे.

मित्राला आम्ही एक चाचणी सुचवली. रोज तोच रस्ता, तीच वेळ, टायरची हवा रोज मोजून सारखी. चुंबक एका बंद डबीत. डबी कधी भरलेली, कधी तेवढ्याच वजनाच्या दगडाने भरलेली, आणि ती लावायची दुसऱ्याने, चालवणाऱ्याला न सांगता. दहा फेऱ्या अशा, दहा तशा. मग वही उघडायची. मित्र म्हणाला, "एवढा वेळ कुणाला आहे?" बरोबर आहे त्याचं. पण मग एवढी चाचणी तरी विकणाऱ्याने करायला हवी ना? पत्रकात ती कधीच नसते. तिथे असतात ते कुणा ग्राहकाचे दोन ओळींचे उद्गार आणि हसरा फोटो.

अशी चाचणी मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत अशा यंत्रांचं पेव फुटलं, आणि तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेवर, म्हणजे ईपीएवर, कायद्याने ती तपासायची जबाबदारी आली. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवायची, ठरलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवायची आणि इंधन मोजायचं. शंभराहून अधिक यंत्रं त्यांनी तपासली. लक्षणीय बचत करणारं एकही सापडलं नाही. काही थोडक्यांनी किंचित फरक दाखवला, आणि त्यातलं एक उदाहरण आम्हाला आवडतं: ॲक्सिलरेटर जोरात दाबला की तेवढ्यापुरता एसीचा कॉम्प्रेसर बंद करणारी जोडणी. त्यात जादू काही नाही. एसी बंद केला की पेट्रोल वाचतं हे आमच्या आजीलाही माहीत होतं. काही यंत्रांनी उलट धुरातलं प्रदूषण वाढवलं.

आपल्याकडे पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे, कोथरूडच्या टेकडीवर. आपण "कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज" म्हणतो ते तिथल्यासारख्या प्रयोगशाळेत रोलरवर काढलेलं असतं, एसी बंद ठेवून, ताशी नव्वदच्या वर न जाता. म्हणून ते रस्त्यावर मिळत नाही. त्यातून लोकांना वाटतं की कंपनीने फसवलं, गाडीत अजून पाच किलोमीटर दडलेत, आणि कुणीतरी ते बाहेर काढून देईल. दडलेलं काही नसतं. त्या आकड्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता.

पत्रकावर शिक्केही असतात. आयएसओ ९००१ म्हणजे कारखान्याची कामाची पद्धत नोंदलेली आहे, वस्तू काम करते असं तो शिक्का म्हणत नाही. "पेटंटप्राप्त" म्हणजे कल्पना नवी ठरली, एवढंच. कॅनडातल्या चार्ल्स नेल्सन पोग यांना १९३० च्या दशकात वाफेच्या कार्बोरेटरची पेटंटं मिळाली होती. दावा गॅलनला दोनशे मैलांचा, म्हणजे लिटरला सत्तर किलोमीटरच्या आसपास. पेटंटं कधीच संपली, कुणीही आज ते बनवू शकतो, आणि तशी गाडी रस्त्यावर नाही. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: मोठ्या कंपन्यांनी दाबून टाकलं.

हे उत्तर लोकांना पटतं कारण मोठ्या कंपन्यांबद्दल संशय घ्यायला कारणं असतात. आम्हीही घेतो. पण इथे तो उलटा लागू पडतो. भारतात २०१७ पासून गाडी कंपन्यांवर सरासरी इंधनवापराचे नियम आहेत. किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात झाली, २०२२-२३ पासून ते ११३ वर आले. एकेक ग्रॅम कमी करायला कंपन्या पातळ ऑइल, हलके पत्रे, कमी घर्षणाचे टायर, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असं सगळं करतात. आठशे रुपयांच्या चुंबकाने वीस टक्के वाचत असते, तर तो कारखान्यातच बसून आला असता आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापला असता.

हे सगळं आज बोलावंसं का वाटलं ते सांगतो. ई-२० आलं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही लिहिलेलं आहे: त्यासाठी न बनवलेल्या चारचाकीत सहा ते सात टक्के घट, दुचाकीत तीन ते चार. म्हणजे जुन्या गाडीवाल्याची तक्रार या वेळी खरी आहे. तक्रार खरी असली की माणूस उपाय शोधतो, आणि उपाय विकणारा दारात उभाच असतो. पण हरवलेली ऊर्जा टाकीतच भरलेली नाही, ती नळीवर चुंबक लावून परत कशी येणार?

झळ कुणाला बसते ते आम्ही रोज बघतो. मोठ्या गाडीवाला पेट्रोलच्या भावाची तक्रार करतो आणि विसरतो. टेम्पोवाला, टॅक्सीवाला, दिवसाला सव्वाशे किलोमीटर दुचाकी हाकणारा डिलिव्हरीचा पोरगा, यांचं उत्पन्न ॲव्हरेजवर ठरतं, म्हणून तेच गिऱ्हाईक होतात. अडीच हजार तर जातातच. वर लोक डांबराच्या गोळ्या टाकीत टाकतात, त्याने ॲव्हरेज वाढत नाही आणि इंजेक्टर खराब होतो तो खर्च वेगळा. बरणीची वायर नीट फ्यूज न लावता ओढली तर जळण्याची भीती. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली की कंपनी हात वर करते. त्यात कंपनीचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

खरं काय चालतं ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पटकन. टायरमधली हवा: सरासरी एक पीएसआय कमी झाली की शून्य पूर्णांक दोन टक्के. छोटं वाटतं, पण दहा पीएसआय कमी असलेल्या गाड्या आमच्याकडे रोज येतात. बंद पडलेला ऑक्सिजन सेन्सर बदलला तर कधी कधी मोठा फरक पडतो. कारण तो डोळा मिटला की कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल सोडतो. लांब सिग्नलला इंजिन बंद. आणि एक कबुली: फिल्टर बदला, ॲव्हरेज वाढेल, असं आम्हीही वर्षानुवर्षं सांगत आलो. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत कोंदलेल्या फिल्टरने पिकअप जातो, ॲव्हरेजवर जवळपास काही परिणाम होत नाही. कॉम्प्युटर हवा मोजूनच पेट्रोल सोडतो ना. तर तो सल्ला आम्ही बंद केला.

प्रश्न घेऊ. मागच्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "सकाळी गारव्यात पेट्रोल भरलं की जास्त येतं का?" नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. तुमची झोप मोडू नका.

दुसरा प्रश्न रिक्षा चालवणाऱ्या एका दादांचा आहे. त्यांनी असंच एक यंत्र हप्त्यावर घेतलंय, दोन हप्ते बाकी आहेत, आणि विकणारा फोन उचलत नाही. दादा, पावती आणि ते पत्रक दोन्ही जपून ठेवा. पत्रक जास्त महत्त्वाचं, कारण टक्केवारी त्याच्यावर छापलेली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे. आणि व्याख्यान संपल्यावर रिक्षा इकडे घेऊन या. टायर बघतो, प्लग बघतो. ते यंत्र काढायचं की ठेवायचं ते मग ठरवू, पुरावा म्हणून ते लागेल, फेकू मात्र नका.